तुरियाच्या पाठीवरचं पाणी

मी एक जुनी तांब्याची बादली आहे. जुनी म्हणा, काळवंडलेली म्हणा, माझे पोचे मोजा, मला राग नाही, मित्रांनो. फक्त त्या हिरव्या प्लॅस्टिकच्या बादलीशेजारी ठेवून "पाणी काय, दोन्हींत तेवढंच मावतं" असं कुणी म्हटलं की माझी कडी तापते. मावतं तेवढंच, हे खरं. पण तिने आयुष्यात पाहिलंय काय? एक उन्हाळा आणि एक तडा.

माझा जन्म अरबी मुलखातल्या फेज शहरात, तांबटांच्या चौकात झाला. तिथे सकाळी एकदा हातोडे सुरू झाले की दुपारच्या जेवणापर्यंत कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. ज्याने मला घडवलं तो म्हातारा तर पार बहिरा होता. पत्रा पुरेसा ठोकून झाला की नाही हे त्याला आवाजावरून कळायचं नाही, म्हणून तो बोटांनी चाचपायचा आणि समाधान झालं नाही की पुन्हा ठोकायचा. इतर बादल्यांपेक्षा मला जास्त मार बसला. तेव्हा मी त्याला मनातल्या मनात खूप बोल लावले. आज त्याचे उपकार मानते. त्याने मला आतून कल्हई केली, जाड कडी बसवली आणि काठाखाली खजुराच्या पानांची नक्षी कोरली.

तुरियाच्या आईने मला लेकीच्या लग्नासाठी घेतलं. लग्नाआधी नवरीला हमामात, म्हणजे गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात नेतात, तेव्हा तिच्या डोक्यावर पडलेलं पहिलं पाणी माझ्यातलं होतं. मेणबत्त्या, मेंदी, बायकांच्या किलकाऱ्या आणि मधोमध लाजून लाल झालेली तुरिया. नवरा तुहामी हा तिचा आतेभाऊ, म्हणजे तिची आत्या लल्ला बतूल हिचा मुलगा. घरची पोर घरातच राहिली म्हणून सगळे खूश होते. आत्याच सासू, तेव्हा सासुरवास कसला, असं तुरियाच्या आईला वाटत होतं. लल्ला बतूलची जीभ मात्र तिने हिशेबात धरली नव्हती.

मग दर गुरुवारी आमचा हमाम सुरू झाला. माझ्यात काळा साबण, अंग घासायचा खरखरीत हातमोजा, कंगवा आणि सगळ्यांवर दोन संत्री, आंघोळीनंतर खायला. हमाम आमच्या गल्लीच्या टोकालाच. बायकांचं दार वेगळं, पुरुषांचं वेगळं, मधे जाड भिंत, आणि दोन्ही बाजूंना मिळून खाली एकच भट्टी.

तिथली एक रीत मला फार आवडते. हमामात आपली पाठ आपण घासायची नसते. शेजारी जी कोणी बसली असेल, ओळखीची असो वा नसो, तिच्याकडे पाठ करायची. ती घासून देते, मग तिची आपण घासायची. नाही म्हणायची सोय नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकेची पाठ पुदिना विकणारी घासते आणि पुदिनावालीची मुख्याध्यापिका. हात पाठीवर चालायला लागले की तोंडंही चालायला लागतात. कुणाचा नवरा घोरतो, कुणाची सून हरीऱ्याचं सूप असं करते की त्यापेक्षा उपास बरा. मी पाणी वाहत होते आणि सगळं ऐकत होते. त्या बायकांत सगळ्यात मोठ्याने हसायची ती आमची तुरिया. तिचं हसणं घुमटाला आपटून परत यायचं आणि मग ते ऐकून तीच पुन्हा हसायची.

मुनीर झाला तेव्हा तर माझा भाव वधारला. तान्हा असताना तो माझ्यातच बसून आंघोळ करायचा, दोन्ही मुठींनी माझा काठ धरून. पुढे चालायला लागला आणि त्याच्या पोटऱ्या अशा भरदार दिसू लागल्या की लल्ला बतूलला कुठे ठेवू आणि कुठे नको झालं. हमामात प्रत्येकीसमोर ती त्याला उभा करायची.

"पाय बघा माझ्या नातवाचे! फुटबॉल खेळणार हा, सांगून ठेवते!"

मग मुनीर पडायला लागला. सपाट फरशीवर पडायचा. खालून उठताना स्वतःच्या गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात रोवत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठायचा. बायका आधी हसल्या. नंतर कुणी हसेना. रबातच्या डॉक्टरीणबाईंनी त्या आजाराचं नाव सांगितलं, मस्क्युलर डिस्ट्रॉफी. स्नायू हळूहळू विरत जाणार. आधी पाय, मग हात, पुढे श्वासही. त्या भरदार पोटऱ्या म्हणजे ताकद नव्हतीच. तोच आजार होता. बरं करणारं औषध नाही, जपणं आहे. आई आणि बाप, दोघांच्याही रक्तातून हे आलंय, असंही त्या म्हणाल्या. यात लल्ला बतूलची मोठी पंचाईत झाली. सुनेच्या माहेरावर खापर फोडायचं तर ते तिचं स्वतःचंच माहेर! मग तिने ते नजर लावणाऱ्या शेजारणींवर फोडलं आणि पोराच्या गळ्यात चांदीचा पंजा बांधला.

मुनीर सात वर्षांचा असताना तुहामीचा ट्रक डोंगरातल्या वळणावरून खाली गेला. तुरियाने आमच्या रीतीप्रमाणे विधवेचे पांढरे कपडे घातले आणि त्याची मुदत संपेपर्यंत ती घरात राहिली. ते कपडे उतरवले त्या गुरुवारी ती मुनीरला बोटाशी धरून आणि मला काखोटीला मारून हमामला निघाली. मुनीर अडखळत होता, म्हणून शेवटी तिने त्याला कडेवर घेतलं. दारातल्या खुर्चीवर त्या महिन्यात नवीन बाई आली होती, रक़िया. दुसऱ्या मोहल्ल्यातली, धिप्पाड, आवाज असा की भट्टीपर्यंत जावा. तिने कडेवरच्या मुनीरकडे पाहिलं आणि हात वर करून म्हणाली,

"अगं बाई, हा तर घोडा झाला! पुढच्या वेळी याच्या बापालाही घेऊन ये!"

मित्रांनो, हे वाक्य आमच्या शहरातल्या प्रत्येक पोराने ऐकलेलं असतं. मुलगा मोठा झाला, आता त्याला पुरुषांच्या बाजूला पाठवा, हे सांगायची ही हमामातली थट्टा आहे. तिला सगळे हसतात. त्या दिवशीही बाकावरच्या बायका हसल्या. रक़ियाला काय माहीत! पण तुरियाला वाटलं, हिला सगळं माहीत आहे. हिला माहीत आहे की बाप मातीत आहे, की पोराला पुरुषांच्या बाजूला नेणारं कुणी नाही आणि तो स्वतःच्या पायांनी जाऊही शकणार नाही. ती उंबऱ्यावरूनच माघारी फिरली. माझ्यातली संत्री रस्ताभर एकमेकांवर आपटत होती.

घरी आल्यावर लल्ला बतूलने विचारलं, "इतक्यात आलीस?"

"गर्दी होती," तुरिया म्हणाली. आणि मग कधी गेलीच नाही. सासूलाही तिने एकच गोष्ट बजावली, आपल्या घरचं हमामात बोलायचं नाही. लल्ला बतूल प्लॅस्टिकची बादली घेऊन एकटी जाऊ लागली. कुणी सुनेबद्दल विचारलं की म्हणायची, "राणीसाहेब घरीच न्हातात!" शेजारणींना वाटलं, तुरियाला गर्व झाला. त्यांनी बोलावणं सोडलं. तुरियाला वाटलं, आपण आता कुणाला नकोत. एका थट्टेने गल्लीच्या दोन टोकांत एवढं अंतर पाडलं.

मला काम नव्हतं असं नाही. मुनीरचे पाय पूर्ण गेले, तेव्हापासून घरातल्या चौकाच्या कोपऱ्यात लाकडी चौरंगावर बसवून तुरिया त्याला रोज आंघोळ घालायची, माझ्यातूनच. तो वाढत गेला, मिसरूड फुटलं, दाढी आली. तिने त्याला उचलायचं, बसवायचं, घासायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं, छातीत कफ अडकला की पाठ थोपटायची, पुन्हा उचलायचं. स्वतःच्या अंगावर ती उरलेलं पाणी घाईघाईने ओतून घ्यायची, कान खोलीकडे ठेवून. मला लिंबू-मीठ लागेना, कल्हई उडाली. मी काळी पडले आणि तीही विझत गेली.

येणारे-जाणारे तिचं कौतुक करायचे. "धन्य आहेस गं! स्वर्ग आहे तुझ्या पायाखाली!" असं म्हणून चहा पिऊन निघून जायचे. कौतुकाने पाठ शेकत नाही, मित्रांनो. शिवाय असं कौतुक झाल्यावर बाईला साधं "मी दमले" म्हणायचीही चोरी होते. स्वर्गाच्या मालकिणीने कुरकुर करायची कशी? ती कपडे धुताना मधेच थांबून भिंतीकडे बघत बसायची. मुनीरवर कधी ओरडायची आणि मग त्याला भरवताना स्वतः जेवायचंच टाळायची, जणू शिक्षा. तिचं हसणं मी किती काळ ऐकलं नव्हतं, हे मला एके दिवशी अचानक जाणवलं.

मुनीरची जीभ मात्र आजीवर गेली होती. अंगातली सगळी ताकद तिथे जमा झाली होती म्हणा ना. तो चाकांच्या खुर्चीवर बसून मोबाइलवर लोकांची भाषांतरं करून द्यायचा. फ्रेंचमधून अरबीत, अरबीतून फ्रेंचमध्ये. दोन पैसे मिळवायचा आणि आजीला चिडवायचा. "आजी, माझ्या पोटऱ्यांचं काय झालं गं? संघात निवड कधी होणार?" लल्ला बतूल चप्पल उगारायची आणि ओढणीआड डोळे पुसायची.

एका गुरुवारी सकाळी व्हायचं ते झालं. चौरंगावरून मुनीरला उचलताना तुरियाच्या कमरेत अशी उसण भरली की ती जागीच बसली आणि तो तिच्या अंगावर आला. तिने पडता पडता त्याचं डोकं छातीशी धरलं, म्हणून त्याला लागलं नाही. त्यांच्या धक्क्याने मी उलटले आणि फरशीवरून गडगडत थेट दारापर्यंत गेले. बहिऱ्या तांबटालाही ऐकू गेलं असतं.

दोघं ओल्या फरशीवर आडवे. तिला उठता येईना आणि त्याचा तर प्रश्नच नव्हता.

"आई," मुनीर म्हणाला, "एवढं जवळ घेऊ नकोस, मी मोठा झालोय."

तुरिया हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि मग ते रडणं थांबेना.

"मला कधी कधी वाटतं, हे सगळं संपून जावं," ती म्हणाली. "तू नव्हे रे. हे. आणि असं वाटलं की मला माझीच भीती वाटते. मी कसली आई?"

मुनीरने डोकं तिच्या छातीवर तसंच राहू दिलं.

"मलाही वाटतं गं कधी कधी," तो म्हणाला. "पण आज नको. आज फरशी फार गार आहे."

तेवढ्यात लल्ला बतूल आली, तिने दोघांना तसं पाहिलं, आणि त्यांना हात द्यायचं सोडून ती रस्त्यावर धावली. "मेले! दोघं मेले! धावा!" तिची किंकाळी हमामापर्यंत गेली. तिथून रक़िया खुर्ची सोडून आली आणि तिच्यामागून हमामची भट्टी पेटती ठेवणारा बा अल्लाल, राखेने माखलेला, खांद्यावर भुश्शाचं पोतं तसंच. पोतं माझ्याशेजारी टाकून त्याने मुनीरला अलगद उचलून खाटेवर ठेवलं. रक़ियाने तुरियाला भिंतीशी बसवलं, कमरेला गरम फडकं बांधलं आणि मग नीट तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तू तुरिया ना? जिचं हसणं घुमटाला लागायचं म्हणतात, ती? मग येत का नाहीस गं? हमाम तर दाराशी आहे!"

"तुम्हीच म्हणालात," तुरिया फरशीकडे बघत म्हणाली, "पुढच्या वेळी याच्या बापालाही घेऊन ये."

"अगं, ते मी प्रत्येक पोराला म्हणते! माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची. सगळं फेज म्हणतं!"

"त्याचा बाप मातीत होता. पांढरे कपडे उतरवून मी त्याच दिवशी पहिल्यांदा बाहेर पडले होते."

रक़ियाने दोन्ही हातांनी स्वतःचे गाल बडवले. मग गुडघ्यांवर येऊन तिने तुरियाचं डोकं जवळ ओढलं आणि कपाळावर ओठ टेकले. आमच्याकडे माफी अशी मागतात. तुरियाने डोकं मागे घेतलं नाही. एवढं झाल्यावर लल्ला बतूलला कंठ फुटला.

"आणि मी गावभर सांगत फिरले की सून माझी गर्विष्ठ! कार्टे, मला एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

"आत्या, तुम्ही तो सगळ्या हमामाला सांगितला असतात."

"सांगितलाच असता! म्हणून तर सांगायचा होता!"

रक़िया उठली, कमरेवर हात ठेवले आणि जाहीर केलं, "पुढच्या गुरुवारी तू येणार."

"याला कुणावर सोडून?"

"माझ्यावर," बा अल्लाल म्हणाला. "पुरुषांच्या बाजूला नेतो त्याला. आयुष्यभर लाकडं आणि पोती वाहिली, एवढासा पोरगा काय!"

तुरिया उसळली. "तो पोतं नाही! त्याची मान मागे गेली तर त्याला ती पुढे आणता येत नाही. काखेत धरलं तर खांदा निखळतो. ठसका लागला तर खोकता येत नाही. वाफेत श्वास कोंडला तर? तुम्हाला काय कळणार? नाही. मी बरी आहे. मला काही नको."

मला वाटलं, संपलं. हे दार पुन्हा बंद झालं. तेव्हा खाटेवरून मुनीर बोलला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"आई, मला हवंय. मी दाढीवाला माणूस आहे आणि मला अजून माझी आई आंघोळ घालते. तू कधी तोंड वाकडं केलं नाहीस, हे मला माहीत आहे. पण मला एकदा पुरुषांत बसून, त्यांच्या घाणेरड्या गप्पा ऐकत न्हायचंय. आणि तुला सांगू? तू दिवसभर माझ्याकडे बघत असतेस ना, तेव्हा मलाही दिवसभर आजारीच राहावं लागतं. थोडा वेळ दुसरीकडे बघ की."

तुरिया भिंतीला धरून उठली आणि बा अल्लालला म्हणाली, "हात धुऊन या. कसं धरायचं ते दाखवते."

आठवडाभर तो रोज आला. एक हात मांडीखाली, दुसरा पाठीमागून, मानेला कोपराचा आधार. ती शिकवायची, चुका काढायची, मुद्दाम नवीन चुका शोधायची. अट घातली की फक्त बाहेरच्या कोमट खोलीत बसवायचं, आत वाफेत न्यायचं नाही. बुधवारी तिला काढायला एकही चूक सापडली नाही, म्हणून ती त्याच्यावर विनाकारण चिडली. त्याच दिवशी लल्ला बतूलने मला कल्हईवाल्याकडून आणलं आणि लिंबू-मिठाने असं घासलं की मला माझीच नक्षी नवी वाटली. "जा बयो," ती मला म्हणाली, "ती हिरवी रांड काही कामाची नाही." मित्रांनो, शिव्या देऊ नयेत. पण खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

गुरुवारी दोन दारांपुढे आमची वाट वेगळी झाली. बा अल्लाल मुनीरला घेऊन त्या दाराने गेला. तुरिया रस्त्यात तशीच उभी, रिकामे हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखी. लल्ला बतूलने तिला मागून ढकललं, तेव्हा ती आत आली.

आत बायकांनी तिच्यासाठी सरकून जागा केली आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. बिचाऱ्यांना वाटलं, दुःखी बाईसमोर गप्पा कशा मारायच्या. त्या शांततेत तुरिया भिंतीला कान लावून बसली, पलीकडचा आवाज शोधत. माझ्यात पाणी भरलेलं होतं ते तसंच. तेवढ्यात बाया माना वळवून बघू लागल्या. रक़िया आत येत होती, बाह्या सारलेल्या. दारावरची बाई खुर्ची सोडून कधी कुणाची पाठ घासत नाही. तो तिचा मान असतो. ती येऊन तुरियाच्या मागे बसली.

"वळ."

"नको, मी आधी तुमची..."

"वळ म्हटलं ना!"

तुरिया वळली. रक़ियाने माझ्यातलं गरम पाणी तिच्या पाठीवर ओतलं आणि काळा साबण लावला. घासता घासता तिचा हात डाव्या खांद्यावर थांबला. तिथे एक जुनाट काळानिळा डाग होता, कडक झालेला.

"हे काय गं?"

"मुनीरची हनुवटी. उचलताना तिथे टेकते."

मग कोपऱ्यातली एक म्हातारी उसासा टाकून म्हणाली, "धन्य गं बाई. स्वर्ग आहे तुझ्या पायाखाली."

"पायाखालचा स्वर्ग राहू दे, हाजीबाई," रक़िया म्हणाली, "आधी पाठीवर घालायला गरम पाणी आण."

एकजण फिस्कन हसली, आणि मग सगळ्याच. म्हातारी खरंच उठून पाणी घेऊन आली. तुरिया रडत होती. पण हमामात सगळ्यांचेच चेहरे ओले असतात, त्यामुळे तिला लपवावं लागलं नाही. ती पाठमोरीच बोलू लागली. भीती, राग, आपल्यामागे त्याचं काय होईल ही काळजी, आणि ते फरशीवर म्हटलेलं वाक्यसुद्धा. ते ऐकून कुणी कानावर हात ठेवले नाहीत. पलीकडे बसलेली एक बाई, जिचा नवरा अर्धांगवायूने खाटेला खिळलेला होता, हळूच म्हणाली, "मलाही वाटतं असं. मी समजत होते, मीच एक वाईट आहे." तुरियाने वळून तिच्याकडे पाहिलं, सरकून तिच्या मागे जाऊन बसली आणि तिची पाठ घासायला घेतली.

त्यानंतर ती गरम दगडांवर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. तोंड थोडं उघडं, हात दोन्हीकडे पसरलेले. रक़ियाने दारातून आत येणाऱ्या बायकांना बोटाने दरडावलं आणि सगळा हमाम कुजबुजत न्हाऊ लागला.

अचानक भिंतीपलीकडून मुनीर ओरडला. तुरिया ताडकन उठून बसली. सगळ्यांचे हात थांबले. माझ्यातलं पाणीसुद्धा हललं असेल. आणि मग शब्द ऐकू आले.

"बा अल्लाल! मला धुताय की सोलताय?"

पलीकडे पुरुषांचा हशा फुटला, आणि त्यात सगळ्यात वर मुनीरचं हसणं, दमेकऱ्यासारखं, तुटक, पण पोटातून आलेलं. तुरियाने ते ऐकलं. आणि ती हसली. घुमटाला लागेल एवढं. रक़ियाने वर पाहिलं, कारण या हसण्याबद्दल तिने आजवर फक्त लोकांकडून ऐकलं होतं.

तुरियाने मला दोन्ही हातांनी उचललं. नळाखाली काठोकाठ भरलं. आणि घाई न करता, कुणाकडे कान न ठेवता, सगळं पाणी स्वतःच्या डोक्यावरून ओतलं.

मित्रांनो, त्यामुळे मुनीरचा आजार थांबला नाही. तो थांबत नाही. आता श्वासासाठी त्याच्या उशाशी एक यंत्र असतं आणि तो हमामात जात नाही. पण गुरुवार चुकत नाही. त्या वेळात बा अल्लाल त्याच्यापाशी बसतो, दोघं पत्त्यांत एकमेकांना फसवतात आणि मुनीर आईला हाकलतो, "जा लवकर, आणि गप्पा सगळ्या आण, निम्म्या ठेवून येऊ नकोस." ती अर्धांगवायूवाल्याची बायको आता रस्त्यात तुरियासाठी थांबते. तुरिया दमते, चिडते, रडते, आणि "मी दमले" असं मोठ्याने म्हणते. म्हणूनच ती उभी आहे. मी त्या बहिऱ्या म्हाताऱ्याचे, लिंबू-मिठाचे, रक़ियाच्या जाड हातांचे, सगळ्यांचे आभार मानते. बादलीच्या जन्माला येऊन आणखी काय हवं?

तुम्हाला माझी एक विनंती आहे. तुमच्याही गल्लीत असं एखादं घर असेल. तिथे जाल तेव्हा खाटेवरच्या माणसाला कसा आहेस म्हणून विचाराच. तो नुसता आजारी नसतो, त्याच्याकडे विनोदही असतात. पण मग दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बाईकडेही वळा. तिला धन्य म्हणू नका. तिच्या हातातला ट्रे घ्या, त्याला कसं उचलायचं ते शिकून घ्या, आणि तिला बसवून सांगा की आता थोडा वेळ मी आहे. मग तिचा चहा तिला गरम असतानाच पिऊ द्या.